बादलीभर पाण्यात गाडी

आमच्याकडे एक जुनी, चंदेरी रंगाची बोलेरो आहे. ती आमची आहे असे म्हणणे खरे तर चुकीचे. धर्मग्रामातील कुटुंबांनी वर्गणी काढून ती दुसऱ्या हाताने विकत घेतली आणि आमच्या स्वाधीन केली. कुणी पेन्शनीतून दिले, कुणी मासळीच्या पैशातून दिले, तर एका विधवा भगिनीने अंडी विकून साठवलेली रक्कम रुमालात बांधून आणून दिली. अशी वस्तू हाती आली की ती नीट राखणे हे कर्तव्य ठरते. गाडी गंजली, रंग उडाला, तर तो लोकांच्या घामाचा अपमान होय, अशी आमची तेव्हाही समजूत होती आणि आजही आहे.

आम्ही राहतो ते तळा हे रायगड जिल्ह्यातील एक छोटे तालुक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरहून आत वळले की वळणावळणाचा रस्ता डोंगरातून तळ्याला येतो. माथ्यावर तळगड उभा आहे. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे बारा किल्ले स्वतःकडे राखले, त्यांत हा एक. खाली मांदाडच्या बाजूला खाडी आणि कुड्याची लेणी. देखावा रम्य, परंतु गाडीच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रदेश मोठा कठीण. खाडीकडून येणारी खारट, दमट हवा पत्र्याला सोडत नाही. जांभ्याची तांबडी धूळ दाराच्या फटींतून आत शिरते. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, ते वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात इंदापूर गाठून परत येईपर्यंत गाडीवर खडीच्या पुडीचा राखी थर बसलेला असे. थोडक्यात, येथे गाडी धुणे हा निव्वळ हौसेचा विषय नाही. धुतली नाही तर ती फार दिवस टिकायची नाही.

आमची गाडी चालवणारा तरुण मोठा उमेदीचा. दर शनिवारी सकाळी तो विहिरीवरचा पंप सुरू करी, नळी ओढून अंगणात आणी आणि गाडीवर पाण्याचा वर्षाव करी. मग बादलीत कपड्यांचा साबण, त्याचा भरघोस फेस, पुन्हा पाण्याचा वर्षाव. रविवारी सकाळी गाडी आरशासारखी चमकत असे आणि आम्ही समाधानाने तीत बसत असू. त्या चकचकाटाची किंमत कोण देत होते, हा विचार आमच्या मनाला शिवला नव्हता.

तो शिवला एका मे महिन्यात. मार्चमध्ये, २२ तारखेच्या जागतिक जलदिनाच्या निमित्ताने, गावातील महिला बचत गटाच्या मेळाव्यात आम्हाला बोलण्यास बोलावले होते. आम्ही पाणी या विषयावर चांगले पाऊण तास बोललो. थेंबाथेंबाचे मोल सांगितले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे दोन महिन्यांनी विहिरीने तळ दाखवायला सुरुवात केली. पंप थोडा वेळ चालला की पाणी गढूळ येई आणि मग ते निवळेपर्यंत थांबावे लागे. अशाच एका शनिवारी आम्ही प्रार्थना आटोपून ओसरीवर आलो, तेव्हा विहिरीच्या काठाशी एक वृद्ध बाई आणि तिची सून, दोघी हंडे-कळशा खाली ठेवून उभ्या होत्या. वरच्या वाडीतील विहीर आटली होती, म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. अंगणात आमच्या बोलेरोच्या चाकांवरून पाणी ओघळत होते आणि उताराने रस्त्यापर्यंत गेले होते. किती वेळ त्या उभ्या होत्या कोण जाणे. आम्हाला पाहताच म्हातारीने पदर सावरला आणि अगदी साधेपणाने विचारले,

“फादर, गाडीचं झालं का? मग आम्ही भरतो.”

तिच्या स्वरात उपरोध नव्हता, तक्रारही नव्हती. गाडीचा नंबर आधी, आपला नंतर, हे तिने गृहीतच धरले होते. आमच्या मेळाव्यातील भाषणाच्या वेळी हीच बाई पहिल्या रांगेत बसली होती. आम्ही काही बोलू शकलो नाही. घाईघाईने पंप बंद करावयास सांगितला आणि स्वतः त्या दोघींचे हंडे भरून दिले. गढूळ पाणी होते ते. निवळण्यास तासभर लागला असता. परंतु चुलीवर भात चढवायचा म्हणून त्या तसेच घेऊन गेल्या.

त्या दिवशी आम्ही एक हिशेब केला. पंधरा लिटरची बादली नळीखाली ठेवली आणि घड्याळ पाहिले. ती सुमारे एका मिनिटात भरली. गाडी धुताना नळी एकूण वीस मिनिटे तरी चालू असे. म्हणजे एका धुण्याला तीनशे लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दर दिवशी ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. याचा अर्थ असा की पाच माणसांना दिवसभर पुरून उरेल इतके पाणी आमची बोलेरो वीस मिनिटांत पिऊन टाकत होती, आणि तेही दर आठवड्याला.

वसईकर वाचकांना येथे आणखी एक आठवण होईल. आमचे बालपण तेथल्याच एका गावात, बावखलाच्या काठी गेले. बावखल म्हणजे वाडीच्या मध्यभागी असलेला पाण्याचा साठा. त्याच्यामुळे आजूबाजूच्या विहिरी जिवंत राहत. पुढे १९८० च्या दशकात शहरीकरणाची लाट आली, बावखले बुजू लागली आणि वसईच्या विहिरींचे गोडे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्या दिवसांत आम्ही नुकतेच सेमिनरीत दाखल झालो होतो आणि टँकरवाल्यांना मनोमन दूषणे देत होतो. तेच आम्ही आज स्वतःच्या अंगणात विहीर उपसत होतो. टँकरवाल्याला निदान त्यात पैसा दिसत होता. आम्हाला केवळ चकाकी दिसत होती.

आता प्रश्न असा की करावे काय? गाडी धुणे सोडून द्यावे, हा पहिला विचार. दोन महिने आम्ही तसे केलेही. तेव्हा दाराच्या खालच्या कडेला तांबूस पुटकुळ्या दिसू लागल्या. मग आमच्या चालकाने कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याचा उपाय काढला. तो तर अधिकच घातक निघाला. अलीकडच्या गाड्यांच्या रंगावर सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. त्यावर बसलेल्या धुळीत वाळूचे आणि दगडाचे कठीण कण असतात. कोरडे फडके फिरवणे म्हणजे ते कण रंगावर घासणे. उन्हात पाहिले तेव्हा बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटलेल्या दिसल्या. लोकांच्या वर्गणीची गाडी आम्ही आता पाण्याविना खराब करू लागलो होतो.

याच सुमारास आमचा पुतण्या कॅनडाहून सुटीवर आला. तो टोरांटोजवळ राहतो. त्याने आमची व्यथा ऐकली आणि हसून म्हणाला, “काका, आमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं. अंगणातला नळ कित्येक महिने बंदच असतो. आम्ही गॅरेजमध्ये एका बादलीत गाडी धुतो. नंतर पाणी मारायचंच नाही.” अशा द्रव्याला तिकडे रिन्सलेस वॉश म्हणतात, आपण त्याला बिनखळबळीचे धुणे म्हणू. आम्हाला प्रथम ते खरे वाटेना. साबण लावावा आणि तो धुऊन टाकू नये, हे आपल्या आयाबहिणींच्या कोणत्याही नियमात बसत नाही. त्याने दुसऱ्या खेपेस एक बाटली आणून दिली आणि त्यामागचे शास्त्रही समजावून सांगितले.

नेहमीच्या साबणाच्या कणाला दोन टोके असतात. एक पाण्याला धरते, दुसरे तेलकट मळाला. मळ सुटतो खरा. परंतु साबण आणि मळ दोन्ही पृष्ठभागावर राहतात आणि भरपूर पाण्याने वाहून न्यावे लागतात. न नेल्यास पांढरट साय धरते. बिनखळबळीच्या द्रव्यात मळ सोडवणाऱ्या घटकाचे प्रमाण फार कमी असते आणि त्याच्या जोडीला पॉलिमर जातीचे बुळबुळीत घटक असतात. ते धुळीच्या कणाभोवती वेढा घालतात, त्याला रंगापासून किंचित उचलतात आणि फडक्याच्या मऊ तंतूंत सरकवून देतात. कण घासला जात नाही, घसरतो. द्रव्य अत्यंत पातळ असल्यामुळे मागे राहणारा अंश नगण्य असतो आणि तो पुसून काढता येतो. फेस जवळजवळ होतच नाही. आमच्या चालकाचा पहिला आक्षेप हाच होता. “फादर, फेसच नाय, तर मळ जाईल कसा?” फेस म्हणजे स्वच्छता, हे समीकरण आपल्या मनात किती खोल रुजले आहे, ते त्या दिवशी कळले.

तथापि ही पहिली बाटली संपल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पुतण्या दर वेळी थोडाच येणार? येथल्या बाजारातून निवड करणे भाग होते. माणगावात आणि पुढे पनवेलला विचारपूस केली, तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर रंगीबेरंगी बाटल्यांची रांग दिसली. प्रत्येकीवर चमचमत्या मोटारीचे चित्र आणि प्रत्येकीचा दावा सारखाच. या निवडीत आम्ही दोनदा फसलो. आमच्या फसण्यातून वाचकांचा पैसा वाचावा, म्हणून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक नेहमीचा कार शॅम्पू. त्याला धुऊन काढण्यास पाणी लागतेच. दुसरी वॉटरलेस, म्हणजे फवारा मारून लगेच पुसण्याची. ती अगदी हलक्या धुळीसाठी ठीक, आमच्या खडीच्या पुडीसाठी नव्हे. तिसरी रिन्सलेस, म्हणजे बादलीत मिसळून ओल्या फडक्याने पुसण्याची. आम्ही प्रथम एका दुकानातून जी बाटली आणली, ती दुसऱ्या प्रकारची निघाली. दुकानदाराने “एकच हो, फादर” असे सांगितले आणि आम्ही विश्वास ठेवला. दोष त्याच्याइतकाच आमच्या आळसाचा. लेबल वाचले असते तर कळले असते.

दुसरी गोष्ट मिश्रणाच्या प्रमाणाची. चांगल्या द्रव्याच्या बाटलीवर पाण्यात ते किती घालावयाचे, हे स्पष्ट छापलेले असते. पुतण्याने आणलेले ऑप्टिमम नो रिन्स हे द्रव्य एकास दोनशे छप्पन्न या प्रमाणात वापरतात. आठ लिटर पाण्याला सुमारे एकतीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. या हिशेबाने ९४६ मिलिलिटरच्या बाटलीत गाडी तीस वेळा धुऊन होते. दुकानात जी बाटली स्वस्त दिसते, तिचे झाकण-झाकण ओतावे लागत असेल तर ती महागच पडते. म्हणून किंमत बाटलीची पाहू नये, बादलीची पाहावी. ज्या बाटलीवर प्रमाणच छापलेले नाही, ती आम्ही आता हातातही घेत नाही. जो आपले माप सांगत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये, हा जुना व्यापारी नियम येथेही लागू पडतो.

प्रमाणाच्या बाबतीत आणखी एक मोह असतो. दोन चमच्यांनी एवढे स्वच्छ होते, तर चार चमच्यांनी दुप्पट होईल, असे वाटते. आम्ही तो प्रयोग केला. गाडीवर चिकट पट्टे उठले आणि ते काढण्यासाठी अखेरीस नळीच सोडावी लागली. त्या दिवशी वाचवलेले सारे पाणी एका अतिउत्साहाने परत गेले.

तिसरी गोष्ट चकाकीची. काही द्रव्यांत मेण असते, काहींत सिलिकाजन्य लेप असतो. रंगावर त्याचा पातळ थर बसतो आणि पाणी मोत्यांसारखे ओघळते. दिसावयास सुंदर. परंतु आमच्या दुसऱ्या बाटलीतील असाच मेणकट अंश पुढच्या काचेवर बसला. जून महिन्यात, रात्रीच्या वेळी, एका आजाऱ्याला भेटून आम्ही घाटाने परत येत होतो. पाऊस कोसळू लागला आणि वायपर फिरताच समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश काचेवर धुरकट पसरला. काही क्षण रस्ता दिसेनासा झाला. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी थांबवली, म्हणून हा लेख लिहावयास आम्ही आहोत. तेव्हापासून आमचा नियम झाला आहे. कोकणात राहणाऱ्याने साधे, लेप न सोडणारे द्रव्य निवडावे. आणि लेपवाले घेतलेच, तर काचेला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. काचेला स्वच्छ पाणी आणि वेगळे फडके पुरेसे असते.

चौथी गोष्ट तीव्रतेची. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा ही सारी क्षारयुक्त द्रव्ये. ती रंगावरचे संरक्षक मेण काढून टाकतात आणि कालांतराने रबराच्या पट्ट्याही कोरड्या पाडतात. वर्षानुवर्षे आम्ही गाडी याच साबणाने धूत होतो आणि रंग फिका का पडला म्हणून उन्हाला दोष देत होतो. गाडीसाठी निवडावयाचे द्रव्य आम्ल किंवा क्षार यांपैकी कोणत्याही बाजूला न झुकणारे, उदासीन असावे; लेबलावर बहुधा तसे लिहिलेले असते. शिवाय नवीन द्रव्य प्रथम दाराच्या खालच्या एखाद्या कोपऱ्यावर लावून, वाळवून पाहावे आणि मगच साऱ्या गाडीला लावावे. घरातील गृहिणी नव्या साडीचा रंग जातो की नाही, ते पदराचे टोक भिजवून पाहतेच ना?

एवढे सांगून झाल्यावर एक गोष्ट आम्ही ठासून सांगू इच्छितो. बाटलीपेक्षा फडके महत्त्वाचे. जुने बनियन, टॉवेलचा तुकडा, स्पंज यांपैकी काहीही चालत नाही. स्पंजाच्या सपाट पृष्ठभागावर कण अडकतो आणि घासत राहतो. मायक्रोफायबरच्या फडक्याचे तंतू अतिशय सूक्ष्म व चिरलेले असतात. कण त्यांच्या आत ओढला जातो. अशी सात-आठ फडकी लागतात. सेमिनरीत आम्हाला मिस्साविधीनंतर चषक कसा स्वच्छ करावा, हे शिकवले होते. थोडेसे पाणी आणि घडी घातलेला शुभ्र रुमाल. त्यात घाई नाही, उधळपट्टी नाही. तीच घडी येथे कामी आली. फडके दोनदा दुमडले की त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एकच भाग पुसावा, मग बाजू पालटावी. आठही मळल्या की फडके बाजूला ठेवावे; ते पुन्हा बादलीत बुडवू नये.

आता आमची रीत अशी आहे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी, गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना काम सुरू होते. आठ लिटर पाण्यात मोजून द्रव्य मिसळतो. त्यातलेच थोडे फवारणीच्या पंपात भरून एकेका भागावर शिंपडतो आणि दोन मिनिटे थांबतो. हे थांबणे फार आवश्यक. धूळ तेवढ्यात मऊ होते. पक्ष्यांची विष्ठा असेल तर तेथे ओले फडके ठेवून ती भिजू देतो. मग टपापासून सुरुवात करून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसत येतो आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपतो. खालच्या कडा आणि चाके सर्वांत शेवटी, त्यांची फडकी वेगळी. तासभर लागतो. पूर्वी वीस मिनिटांत होत असे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत, त्या लपवणे योग्य नव्हे. गाडी चिखलाने लडबडलेली असेल तर बिनखळबळीचे धुणे करू नये. चिखलातील खडे रंग ओरखडणारच. तेव्हा आधी थोडे पाणी मारून चिखल उतरवावा लागतो. आम्ही पावसाळ्यात ते काम पावसावर सोपवतो. सर येऊन गेली की गाडी बाहेर काढतो. आभाळच पहिले पाणी देते. दुसरे असे की फडकी धुण्यास पाणी लागते. आमचे मोजमाप असे: गाडीला आठ लिटर, फडक्यांना पंधरा-वीस लिटर. एकूण तीस लिटरांच्या आत. मऊपणासाठी कपड्यांना लावतात ते सुगंधी द्रव्य या फडक्यांना लावू नये; तंतू बुजतात. आणि मळकट पाणी विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. त्यात रस्त्याचे तेल आणि ब्रेकची पूड असते. आमच्याकडे ते शोषखड्ड्यात जाते, आणि तो खड्डा विहिरीपासून दूर आहे.

तीनशे लिटरांवरून तीस. कुणी म्हणेल, एका गाडीने काय होणार? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला आहे. कोकणातील टंचाईचे मूळ गाड्या धुण्यात नाही. येथे पाऊस अफाट पडतो; परंतु उतार तीव्र, मातीचा थर पातळ, आणि चार महिन्यांचे पाणी पाहता पाहता खाडीला मिळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुड्याची लेणी खोदणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी राहण्याच्या जागेबरोबर कातळात पाण्याची टाकीही खोदली. तळगडावरही कातळात खोदलेल्या टाक्यांची रांग आहे. पाणी अडवणे हाच खरा उपाय आहे. आमच्या गावकऱ्यांनी गेल्या दोन वर्षांत पावसाळा सरताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारे घातले, त्याने वरच्या वाडीची विहीर काही आठवडे अधिक टिकली.

तरीही वापराचा प्रश्न उरतोच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोहोचले. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाडी धुण्यास वापरल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर केला. दंड आला म्हणजे माणूस नळी बंद करतो. आमच्या गावात दंड करणारे कुणी नाही. येथे फक्त एक म्हातारी हंडा घेऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी राहते.

या साऱ्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. पाणी मुबलक होते तेव्हा आमचे हात बेफिकीर होते. नळी सोडली की काम झाले, असे वाटे. कोणत्या कोपऱ्यात काय आहे, ते आम्ही कधी पाहिलेच नाही. बादलीभर पाण्यात काम करू लागल्यावर गाडीचा इंच न् इंच डोळ्यांखालून जाऊ लागला. दाराखालचा गंज वेळीच दिसला, टायरात घुसलेला खिळा दिसला, एका दिव्याची सैल झालेली काच दिसली. पाणी कमी वापरावे म्हणजे निगा कमी करावी असे नव्हे. पाणी कमी झाले की निगा वाढवावी लागते. आमचा चालकही आता फेसाची आठवण काढत नाही. फडक्यांच्या घड्या तो आमच्यापेक्षा नीट घालतो आणि आमच्याकडून दोन चमच्यांऐवजी अडीच पडले तर टोकतो.

यंदाच्या मे महिन्यात ती वृद्ध बाई पुन्हा आली. विहिरीत पाणी कमीच होते. त्यात आमच्या बादलीने फार फरक पडला असा आमचा दावा नाही. आम्ही अंगणात बोनेट पुसत होतो. तिने हंडा काठावर टेकवला, आमच्या बादलीकडे पाहिले, गाडीकडे पाहिले.

“एवढ्यात होते?” तिने विचारले.

“होते, आजी,” आम्ही म्हणालो.

“मग मेळाव्यात हेच का नाय सांगितलेत?” असे म्हणून तिने पोहरा विहिरीत सोडला.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बोलावणे आले, तर आम्ही भाषणाऐवजी बादली आणि फडकी घेऊन जाण्याचे ठरवले आहे.